निर्वासितांची मुलं, लेखांक 6 : पॉल-आंरीची प्रार्थना

गेल्या आठवड्यात आपण किंडरट्रान्सपोर्टच्या मुलांविषयी वाचलं. डिसेंबर 1938 ते सप्टेंबर 1939 या काळात सुमारे 10,000 मुलं आगगाडीने आणि बोटीने ब्रिटनला पोहोचली. घर सुटलं, भाषा सुटली, बहुतेकांचे आईवडील पुन्हा दिसलेच नाहीत. तरी आपण कोण आहोत हे त्या मुलांना लपवावं लागलं नाही. आजच्या लेखातल्या मुलाला तेवढीही मुभा नव्हती. पुढे तो जगप्रसिद्ध इतिहासकार झाला. त्याचं नाव साउल फ्रिडलेंडर, पण जन्मतः तो पावेल होता.

पावेलचा जन्म 1932 मधला, प्रागचा. वडील विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. घरात जर्मन बोललं जाई. कुटुंब ज्यू होतं, पण नावापुरतंच; सणवार, प्रार्थना, सोवळंओवळं यांतलं काहीच घरात नव्हतं. मार्च 1939 मध्ये हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं तेव्हा हे तिघं फ्रान्सला निघून गेले. पॅरिसजवळ मॉंमोरॉंसी इथल्या धार्मिक ज्यू मुलांच्या वसतिगृहात पावेलला काही काळ ठेवलं होतं. तिथल्या मुलांनी त्याला परधर्मीय ठरवलं, झाडाला बांधलं आणि मारलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. ज्या धर्मासाठी पुढे त्याच्या जिवावर बेतलं, त्या धर्माशी त्याची धड ओळखही झालेली नव्हती. लपवायला त्याच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी एकही प्रार्थना नव्हती.

1940 मध्ये फ्रान्स पडला. कुटुंब देशाच्या मध्यभागातल्या नेरी-ले-बॅं या गावी जाऊन राहिलं. हा भाग जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच व्हिशी सरकारच्या ताब्यात होता. या सरकारने जर्मनांच्या हवाली करायला आधी निवडले ते परदेशी आणि नागरिकत्व गमावलेले ज्यू, म्हणजे निर्वासितच. जुलै 1942 मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत 13,000हून अधिक माणसं पकडली गेली. त्यांत 4,000हून अधिक मुलं होती. ऑगस्टमध्ये व्हिशीच्या मुलखातही धरपकड सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत फ्रान्समधून सुमारे 76,000 ज्यू छळछावण्यांकडे रवाना झाले आणि त्यांतली 11,000हून अधिक मुलं होती. स्थानिक माणसाला निदान ओळखीपाळखीचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आधार असे. निर्वासिताचा उच्चारच त्याला उघडा पाडायचा.

मूल लपवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कपाटात किंवा माळ्यावर दडवलेली मुलं होतीच, पण फ्रान्समध्ये बरीचशी मुलं उजेडात लपली. शेतकऱ्याच्या घरी, अनाथाश्रमात, कॅथलिक शाळेत. ‘ओएसई’ या ज्यू बालसंस्थेसाठी जॉर्ज गारेल यांनी अशा मुलांचं गुप्त जाळं उभारलं होतं. नवं नाव शक्यतो जुन्याच्या जवळचं ठेवत, म्हणजे हाक आली की मूल चपापणार नाही. खोटे दाखले तयार होत. मुलग्यांना आंघोळीच्या वेळी आणि डॉक्टरांपुढे जास्त जपावं लागे, कारण तिथे ख्रिस्ती मुलांची सुंता होत नसे. आणि सगळ्यांत आधी शिकवायच्या त्या प्रार्थना: छातीवर क्रूस कसा काढायचा, कुठल्या ओळीला गुडघे टेकायचे. एकच चूक झाली तरी ती वर्गातल्या कुणाच्याही नजरेत भरली असती.

पावेलला मॉंल्युसॉंच्या कॅथलिक निवासी शाळेत घातलं. आईवडिलांच्या संमतीने त्याचा बाप्तिस्मा झाला आणि पावेलचा पॉल-आंरी फेर्लां झाला. वय वर्षं नऊ. आठवडाभरातच तो पळाला. वडील आजारी होते आणि आईवडील दोघंही त्याच गावातल्या इस्पितळात आसऱ्याला होते. तो तिथे पोहोचला आणि आता सोडून जाणार नाही म्हणून पलंगाच्या गजांना घट्ट धरून बसला. आईवडिलांनी त्याची बोटं सोडवून त्याला परत पाठवलं. ती बोटं सोडवताना त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार करताना माझी लेखणी अडखळते. ती त्यांची शेवटची भेट.

नंतर त्या दोघांनी डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये शिरायचा प्रयत्न केला. मुलाला ही वाट झेपणार नाही म्हणून त्याला मागेच ठेवलं होतं. त्या दिवसांत स्विस पहारेकरी लहान मुलं बरोबर असलेल्या कुटुंबांना आत घेत होते आणि एकट्या जोडप्यांना परत फिरवत होते. या दोघांना फ्रेंच पोलिसांच्या हवाली केलं गेलं आणि नोव्हेंबर 1942 मध्ये त्यांची रवानगी आउशवित्झच्या छळछावणीत झाली. मुलगा बरोबर असता तर कदाचित तिघंही वाचले असते.

शाळेत पॉल-आंरी प्रार्थना म्हणू लागला, आणि मग मनापासून म्हणू लागला. ज्या घरात रोज दिवेलागणीला शुभंकरोती होते, तिथल्या मुलाला ते कधी पाठ झालं हे सांगता येत नाही. तशीच ती लॅटिन वाक्यं त्याच्या अंगात मुरली. मेरीमातेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकले की हरवलेली आई जवळ असल्यासारखं त्याला वाटे, असं त्यांनी 1978 च्या आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. मोठा माणूस तोंडाने एक आणि मनात दुसरं असं वर्षानुवर्षं राहू शकतो. दहा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे. त्याला जगायचं तर त्या नव्या नावाचं माणूस व्हावंच लागतं, आणि पॉल-आंरी झाला. त्याला पुढे जेझुइट या कॅथलिक पंथाचा पाद्री व्हायचं होतं. बहुसंख्यांपैकी एक असण्याचं सुखही त्याला पहिल्यांदा तिथेच मिळालं. ज्या ननांनी त्याला आसरा दिला त्यांनी त्याचा जीव वाचवला आणि त्याचा धर्मही बदलला. यातल्या एका गोष्टीसाठी दुसरी नाकारू नये, असं माझं ठाम मत आहे.

1946 च्या सुरुवातीला सॅंतेत्येनमधल्या एका जेझुइट पाद्रींनी त्याला जवळ बसवून विचारलं, तुझे आईवडील आउशवित्झला गेले ना? तेरा वर्षांच्या पोराला त्या नावाचा अर्थच ठाऊक नव्हता. पाद्रींनी छावण्या, गॅस, युरोपातल्या ज्यूद्वेषाचा सगळा इतिहास त्याच्यापुढे ठेवला आणि आपल्या पंथात ये, असा आग्रह धरला नाही. तो निर्णय त्यांनी त्याच्यावरच सोपवला. मुलाने आपलं जुनं आडनाव पुन्हा घेतलं. 1948 मध्ये तो ‘आल्तालेना’ जहाजातून इस्रायलला गेला, तिथे शाउल, म्हणजेच साउल, झाला आणि पुढे ज्यूसंहाराचा इतिहास लिहिण्यातच आयुष्य घालवलं. त्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडाला 2008 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं.

असा पाद्री प्रत्येक मुलाच्या वाट्याला आला नाही. व्हिएन्नाहून पळून आलेले डॉ. फिनाली आणि त्यांची पत्नी 1944 मध्ये ग्रनोबलजवळ पकडले गेले. त्यांची दोन लहान मुलं, रोबेर आणि जेराल्द, पाळणाघर चालवणाऱ्या आंत्वानेत ब्रुन या बाईंकडे वाढली. युद्धानंतर आत्यांनी मुलं मागितली. बाईंनी नकार दिला आणि 1948 मध्ये मुलांचा बाप्तिस्मा करवला. खटला वर्षानुवर्षं चालला. 1953 मध्ये कोर्टाचा निकाल आत्यांच्या बाजूने लागला तेव्हा काही पाद्री आणि ननांच्या मदतीने मुलांना सीमेपार स्पेनमध्ये नेण्यात आलं. सारा फ्रान्स त्यावर भांडत होता. जूनमध्ये मुलं परत आली आणि जुलैत इस्रायलला गेली. तेव्हा ती बारा आणि अकरा वर्षांची होती. दोन्ही बाजूंना आपण मुलांचं भलंच करतोय याची खात्री होती, आणि त्या सगळ्या कज्जेदलालीत मुलांना काय हवंय हे मात्र फार कमी जणांनी विचारलं.

पुढच्या आठवड्यात आपण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जाणार आहोत. 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित तिथे राहिले, त्यांत मुलं पुष्कळ. त्यांची स्वतःची शाळा होती, चर्च होतं, आणि आपला धर्म कुणापासून लपवायची वेळ त्यांच्यावर आली नाही.