रेस सोडली की गाडी हिसके का देते?

वडोदरा : वडोदऱ्यापासून सुमारे 50 किलोमीटरवरील पावागडावर महाकालीच्या दर्शनाला जाणाऱ्यांत दुचाकीस्वार पुष्कळ असतात. चांपानेरहून माचीपर्यंतचा वळणावळणाचा चढ गाडी बिनतक्रार चढते. कुरकुर सुरू होते ती उतरताना. रेस सोडताच कुणाचा सायलेन्सर फटफट वाजतो, कुणाचे हँडल थरथरू लागते, तर कुणाची गाडी मागेपुढे हिसके देते. सपाट रस्ता लागला की सारे शांत होते आणि स्वारही ते विसरतो. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरणाऱ्या गोमंतकीयांना हा अनुभव नवा नाही.

चढताना लपलेला दोष उतरताना उघडा पडतो, याला कारण आहे. रेस देत असताना इंजिन चाकाला फिरवते. रेस सोडून गाडी गिअरमध्येच ठेवली की चाक इंजिनाला फिरवू लागते. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. त्या क्षणी चेनचा ताणलेला वरचा पदर सैल पडून खालचा ताणला जातो, गाडीचा भार पुढच्या चाकावर सरकतो आणि हवेची वाट बंद झाल्याने इंजिन आतून जोराने शोषू लागते. जिथे ढिलेपणा, झीज वा फट असेल, ती या तीनपैकी एका बदलात बोलू लागते.

दोष कुठला हे ओळखण्याची पहिली किल्ली क्लचमध्ये आहे. मोकळ्या, सरळ, सपाट रस्त्यावर मध्यम वेगात रेस सोडावी आणि लक्षण दिसताच क्लच दाबावा. ते थांबले तर शोध इंजिन आणि चेनकडे न्यावा; कायम राहिले तर चाके, टायर आणि हँडलकडे. केवळ ब्रेक लावल्यावरच थरथर येत असेल तर डिस्क वाकडी झाली असावी, किंवा ड्रमची गोलाई बिघडली असावी. गिअर नसलेल्या स्कूटरवर ही परीक्षा अर्थातच करता येत नाही.

हिसक्यांचे मूळ बहुधा साधे असते : सैल चेन, किंवा मागच्या चाकाच्या हबमधील झिजलेले रबर. त्यापायी इंजिन उघडणे म्हणजे अकारण खर्च. फटफट आवाजात मात्र दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. अधूनमधून होणारी हलकी फटफट अनेक गाड्यांत स्वाभाविकच असते. ती अचानक वाढली तर इंजिन आणि सायलेन्सर जोडणारी गॅस्केट पाहावी. तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्येच पेट घेते. लांब उतारानंतर रेस देताच निळसर धुराचा लोट आला, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. त्या वाढलेल्या शोषणाने ऑइल आत ओढले जाते.

सर्वांत गंभीर लक्षण हँडल डुलण्याचे. वेग 60 वरून 40 वर येताना ते डुलते की नाही हे पाहण्यासाठी काही जण दोन्ही हात सोडतात. हा प्रयोग कदापि करू नये. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, पुढचे चाक अधांतरी करून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मध्यावर ते खाचेत अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला. तो ठीक असेल तर टायरमधील हवा, टायरची असमान झीज, चाकाचा तोल आणि बेअरिंग हा क्रम धरावा. मागे जड डिकी आणि त्यावर पिशव्या लादल्या की पुढचे चाक हलके होते. तेवढ्यानेही हँडल डुलू शकते. डुलणे सुरू झालेच तर हँडल आवळून धरू नये वा ब्रेक करकचून दाबू नये. गुडघ्यांनी टाकी धरून वेग हळूहळू उतरू द्यावा.

या साऱ्या कटकटीवर उपाय म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरणारे भेटतात. पेट्रोल वाचते, हे त्यांचे समर्थन. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाल्यावर बहुतेक मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून रेस पूर्ण सोडली की इंजिन फिरते, पण त्याचा पेट्रोलपुरवठा सामान्यतः तोडला जातो. न्यूट्रलमध्ये चालू इंजिन मात्र पेट्रोल जाळतच राहते. शिवाय सारा भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि शेवटच्या वळणांवर त्यांची पकड सुटू लागते. जो चढ ज्या गिअरमध्ये चढला, तो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुना नियम त्यासाठीच आहे. गिअर उतरवतानाही एकेकच उतरवावा. एकदम दोन उतरवले तर मागचे चाक उडी मारते, आणि तो दोष गाडीचा नसतो.