मार्क कळले, पण येतं किती ते कळलं का?

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, फक्त रेडिओचा आवाज जरा मोठा करा. आजचा विषय आपल्या आठवी, नववी, दहावीतल्या लेकरांचा आहे. त्यांना गणित आणि विज्ञान खरंच किती येतं, हे तपासायचं कसं?

सुरुवात आमच्या बैठकीतल्या एका गोष्टीनं करते. मागे एकदा गटाच्या सचिव ताईंच्या हाताला भाजलं होतं, म्हणून वही लिहायला त्यांची नववीतली मुलगी बसली. पोरगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, गणितात चांगले मार्क. एका ताईंनी गटातून १२,००० रुपये कर्ज घेतलेलं. दर महिना शेकडा १ रुपया व्याज, आणि मुद्दलाचे १,००० रुपयांचे १२ हप्ते. त्या दिवशी पाचवा हप्ता होता. मुलीनं व्याज लिहिलं १२० रुपये.

आमच्या गटात एक मावशी आहेत. शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, अंगठा उठवतात. त्या लगेच म्हणाल्या, "अगं बाई, चार हप्ते फेडलेत तिनं. आठ हजारच राहिलेत. ऐंशी रुपये घे."

पोरगी लाजली. म्हणाली, "आम्हाला पेपरात मुद्दल, दर, मुदत असं सगळं दिलेलं असतं. मग सूत्रात घालायचं." आणि तिची आई सगळ्यांसमोर बोलून गेली, "बघा, हिला काही येत नाही. दहावी झाली की बास करते शाळा."

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं मला दोन रात्री झोप लागली नाही. कारण मीही असंच एक वाक्य ऐकून बीए केलं. "गणित पोरींच्या डोक्यात बसत नाही, तू आर्ट्सला जा." बीए वाईट नाही, त्याच्याच जोरावर आज मी काम करते. पण मला गणित येत होतं की नव्हतं, हे कधी कुणी नीट तपासलंच नाही. एका वाक्यावर निकाल लागला. त्या पोरीचाही तसाच लागू नये.

आता नीट बघू. तिला गणित येत नव्हतं का? गुणाकार येत होता, टक्केवारी येत होती. चुकलं कुठं, तर मुद्दल दर महिन्याला कमी होतं हे तिच्या ध्यानात आलं नाही. म्हणजे एकच पायरी राहिली होती. ती पायरी मावशींना अनुभवानं ठाऊक होती. मार्क सांगतात की पेपर कसा गेला. कुठली पायरी राहिली, ते मार्क सांगत नाहीत. त्यासाठी जवळ बसून विचारावं लागतं.

ही गोष्ट एका पोरीची नाही. 'असर' नावाची पाहणी तुम्ही ऐकली असेल. प्रथम संस्थेची माणसं २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचायला आणि गणित करायला देतात. २०२३ साली त्यांनी १४ ते १८ वयाची मुलं-मुली घेतली. २६ राज्यांतले २८ जिल्हे होते, आपल्या महाराष्ट्रातला नंदुरबार होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं गणित साधारण ४३ टक्के मुलांनाच आलं. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं भागाकारात अडली. आणि यातली बहुतेक मुलं शाळा-कॉलेजात जाणारीच होती.

त्यांनी पट्टीचा एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. वस्तू पट्टीवर शून्यापासून ठेवली, तर तिची लांबी ८५ टक्के मुलांना सांगता आली. तीच वस्तू शून्यावर न ठेवता जरा पुढे सरकवून ठेवली, तर फक्त ३९ टक्क्यांना आली. का? कारण वस्तू ३ वर सुरू होऊन ९ वर संपली, तर मुलं ९ म्हणून मोकळी होतात. ९ वजा ३ म्हणजे ६, हे सुचत नाही. आता आपल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना विचारा. टेपचं पुढचं टोक फाटलेलं असतं, तर त्या १० पासून माप धरतात आणि १० वजा करतात. हेच गणित. आपण ते रोज करतो, फक्त त्याला गणित म्हणत नाही.

आणखी एक प्रश्न होता कर्जाच्या परतफेडीचा. ज्या मुलांना वजाबाकी किंवा त्यापुढचं येत होतं, त्यांनाच तो विचारला. तरी जेमतेम १० टक्क्यांना उत्तर काढता आलं. शंभरात दहा! उद्या हीच मुलं मोबाईलवर कर्ज घेणार, हप्त्यावर गाडी घेणार.

म्हणून आपला तो १२,००० रुपयांचा हिशेब पुरा करू. वही असेल तर लिहून घ्या. मुद्दल दर महिन्याला हजारानं कमी होतं. पहिल्या महिन्याचं व्याज १२०, मग ११०, मग १००, असं करत शेवटच्या महिन्यात १०. सगळं मिळून ७८० रुपये. आता दुसरा कुणी येऊन म्हणाला, "आम्हीही शेकडा १ रुपयानंच देतो," पण व्याज मात्र वर्षभर पूर्ण १२,००० वर लावलं, तर महिन्याला १२० प्रमाणे होतात १,४४० रुपये. दर एकच सांगितला, पण ६६० रुपये जास्त गेले. हे ज्या पोरीला कळलं, तिला आयुष्यात कुणी सहजी फसवणार नाही. गणित त्यासाठी शिकायचं.

आता विज्ञान. विज्ञान म्हणजे व्याख्या पाठ करणं, असं मुलांना वाटतं. त्यांना आपल्या चुलीपाशी बोलवा. विचारा, भाकरी तव्यावर फुगते का? पिठातल्या पाण्याची वाफ होते, वाफेला जास्त जागा लागते, ती पापुद्रा वर उचलते. मग विचारा, आपली सोलापुरी कडक भाकरी महिनाभर टिकते आणि मऊ भाकरीला दोन-तीन दिवसांत बुरशी का येते? बुरशीला वाढायला ओल लागते. कडक भाकरीतली ओल आपण काढून टाकलेली असते. बाष्पीभवन आणि सूक्ष्मजीव, दोन्ही धडे पुस्तकात आहेत. लेकराला ते भाकरीशी जोडता आले, तर समजा धडा कळला.

आणि आपल्या जिल्ह्याचा खास प्रश्न उजनीचा. उन्हाळ्यात बातमी येते, "उजनी उणे २० टक्के." पोराला विचारा, पाणी शून्यापेक्षा कमी कसं असेल? पुष्कळ मोठ्या माणसांनाही सांगता येत नाही. गोष्ट अशी आहे. धरणाच्या तळाशी साधारण ६३ टीएमसी पाणी मृतसाठा म्हणून धरतात. टक्केवारी मोजतात ती त्याच्यावरच्या साठ्याची, तो साधारण ५३ टीएमसी. वरचं सगळं संपलं की शून्य. त्याच्याखाली मृतसाठ्यातलं पाणी वापरायला लागलो, की उणे. म्हणजे उणे २० टक्के असताना ५३ चे २० टक्के, साधारण साडेदहा टीएमसी मृतसाठ्यातून गेलं, आणि तळात ५२ टीएमसीच्या आसपास अजून आहे. या एका बातमीत उणे संख्या आली, टक्केवारी आली आणि भूगोलही आला.

आता मुद्द्याचं बोलते. आठवीतल्या मुलांसाठी एक सरकारी परीक्षा आहे, एनएमएमएस. म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. २००८ साली सुरू झाली. मुलं आठवीनंतर शाळा सोडतात, ती सोडू नयेत, यासाठीच ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,००० रुपये थेट लेकराच्या बँक खात्यात. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ जागा आहेत. परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, साधारण डिसेंबरमध्ये.

बसायचं कुणी? सरकारी, जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकणाऱ्या मुला-मुलींनी. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के सूट. आई-वडिलांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय यांतल्या मुलांना ही नाही.

पेपर दोन. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा, ९० प्रश्न. त्यात आकड्यांची मालिका, आकृत्या, गटात न बसणारं ओळखा, असं डोकं चालवायचं असतं. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, तोही ९० प्रश्नांचा. त्यात सामान्य विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. म्हणजे या पेपरात निम्म्याहून जास्त प्रश्न गणित-विज्ञानाचे. प्रत्येक पेपराला ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के गुण तरी हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ३२ टक्के. पण तेवढ्यावर निवड होत नाही, त्याच्यापुढे गुणवत्ता यादी लागते. निवड झाल्यावरही दरवर्षी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज नव्यानं करावा लागतो, आणि अकरावी-बारावीत पैसे चालू राहायला दहावीत ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के सूट.

अर्ज शाळेमार्फतच भरला जातो. इथंच आपलं चुकतं. आमच्या एका गटातल्या ताईंची लेक अशीच राहिली. पोरगी चांगली, अभ्यास केलेला. पण घरातली सगळी ऊसतोडीला गेलेली, उत्पन्नाचा दाखला काढायला कुणी नाही, आणि मुदत निघून गेली. पुढच्या वर्षी ती नववीत गेली, मग बसता येत नाही. आठवीत एकदाच संधी असते. ताई अजून म्हणतात, "माझ्या पोरीचं नशीब." मी म्हणते, नशीब नाही ताई, एक कागद होता. आणि तो काढून घेणं गटाचं काम होतं. त्यात माझीही चूक आहे.

म्हणून आता आमच्या गटांनी ठरवलंय. जूनच्या बैठकीत कुणाचं लेकरू आठवीत गेलं, त्याची नावं वहीत लिहायची. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खातं, सगळं दिवाळीच्या आत तयार ठेवायचं. कुणी ऊसतोडीला जाणार असेल, तर गटातल्या एका बाईनं जबाबदारी घ्यायची. शाळेत दोघींनी मिळून जायचं आणि सरांना, मॅडमना विचारायचं, अर्ज कधीपासून?

आणि तपासणी घरी कशी करायची, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, फक्त उत्तर विचारू नका. "कसं काढलंस?" असं विचारा. बरोबर आलं तरी विचारा. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालतं. लेकरू समजावून सांगायला लागलं, की त्याचं त्यालाच कळतं आपण कुठं अडलो.

दोन, चुकलं तर सगळ्यांसमोर बोलू नका. भाकरी करपली म्हणून आपल्याला स्वयंपाक येत नाही असं होत नाही, आच जास्त झाली एवढंच. आच कमी करायची, पीठ फेकून द्यायचं नाही.

तीन, पोरीला आणि पोराला एकच प्रश्न विचारा. हिशेब पोराला आणि भांडी पोरीला, असं करू नका. त्याच 'असर' पाहणीत वाचनात मुली पुढे होत्या आणि गणितात मुलं पुढे होती. वाचन जमणाऱ्या डोक्याला गणित जमणार नाही, असं कसं होईल? बाजाराला कोण जातं, सुट्टे पैसे कोण मोजतं, दुकानात कुणाला पाठवतो, त्यानंही फरक पडतो.

त्या नववीतल्या पोरीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. पुढच्या बैठकीला मी तिच्या आईला म्हटलं, वही हिलाच लिहू द्या. मावशी शेजारी बसल्या. दर हप्त्याला मावशी विचारायच्या, "किती राहिले?" आणि पोरगी आधी मुद्दल वजा करायची, मग व्याज काढायची. तीन बैठका झाल्या. चौथ्या वेळी मावशींनी विचारायच्या आधीच तिनं आकडा सांगितला. आणि उलट मावशींनाच तिनं आकडे लिहायला शिकवायला घेतलंय. त्यांना आता नऊपर्यंत येतात. आईनं शाळा बंद करायचा विषय परत काढलेला नाही. दहावीनंतर काय होईल ते मी आज सांगू शकत नाही, पण निदान एका चुकलेल्या हप्त्यावर तिचा निकाल लागणार नाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम सांगते. गटाच्या वहीतलं एक कर्ज घ्या आणि घरातल्या आठवी ते दहावीच्या लेकराला पुढच्या हप्त्याचं व्याज काढायला लावा. कसं काढलं ते विचारा. आणि पुढच्या बैठकीत सगळ्याजणी मिळून बोला, कुठली पायरी कुणाची राहते. शाळेतल्या गणिताच्या सरांनाही ते सांगा, त्यांनाही बरं वाटेल.

भाकरी तव्यावर असेल तर उलटा. पुन्हा भेटू. नमस्कार.