सुवर्णतास रस्त्यातच संपतो

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ ही संकल्पना व्याख्येसह कायद्यात आणली. गंभीर इजेनंतरचा पहिला एक तास, ज्यात तातडीच्या उपचारांनी मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते, तो हा सुवर्णतास. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तासातील रोखरहित उपचारांची योजना आखण्याचे आदेश केंद्राला दिले. त्याच वर्षी मे महिन्यात अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोखरहित उपचार देणारी योजना अधिसूचित झाली. पैशाचा प्रश्न त्यामुळे काही अंशी सुटेल. पण त्या तासात रुग्णाला प्रथम हात लावणारा माणूस कोण असेल आणि तो काय शिकलेला असेल, हा प्रश्न उरतोच. आपत्कालीन वैद्यकशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेला आणि आता जबलपूरमध्ये काम करणारा डॉक्टर म्हणून मला हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

माझी निवासी डॉक्टर म्हणून तीन वर्षे पश्चिम किनाऱ्यावरील एका शिक्षण रुग्णालयात गेली. तेथे बुडालेले पर्यटक येत, मासेमारीच्या होडीवर दोरात किंवा यंत्रात हात सापडलेले खलाशी येत, महामार्गावरचे अपघातग्रस्त तर रोजचेच. पहिल्या महिन्यातच शिकवले गेले ते वर्गीकरण : आधी कोण आला हे पाहायचे नाही, कोण आधी मरेल हे पाहायचे. लाल, पिवळा, हिरवा. दुसरा धडा समुद्राने दिला. बुडालेल्या माणसाचे हृदय बहुधा प्राणवायूअभावी थांबते, म्हणून त्याला सर्वांत आधी श्वास द्यावा लागतो. छाती दाबणे आवश्यकच, पण केवळ त्याने भागत नाही. तिसरा धडा व्यवस्थेचा होता. डोके, बरगड्या आणि मांडी अशा तिन्ही ठिकाणी जखमी झालेला रुग्ण शल्यचिकित्सेचा की अस्थिरोगाचा, हा वाद आमच्या दारात होत नसे. पहिला निर्णय आमच्या विभागाचा असे आणि रात्री दोन वाजताही तो तपासायला वरिष्ठ हजर असत.

या शिक्षणात एक गृहीतक दडलेले होते, ते मला जबलपूरला आल्यावर उमगले. रुग्ण लवकर पोहोचतो, असे ते गृहीतक. किनारपट्टीवर वस्ती दाट आणि बहुतेक रुग्ण जवळपासचेच, त्यामुळे ते बऱ्याच अंशी खरे ठरत असे. जबलपूरचा नकाशा वेगळा आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेले येथील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय हे महाकोशलच्या मोठ्या भागाचे शेवटचे आशास्थान. मंडला येथून सुमारे ९५ किलोमीटरवर, दिंडोरी सुमारे दीडशे. गोंड आणि बैगा समाजाची गावे त्याही पलीकडे, जंगलात आणि घाटात विखुरलेली. शहराचे स्वतःचे ओझेही कमी नाही. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांमध्ये अपघातांच्या संख्येत दिल्ली आणि इंदूरनंतर जबलपूरचा क्रमांक लागला होता. त्या वर्षी मध्य प्रदेशात रस्त्यांवर १३,४२७ माणसे मृत्युमुखी पडली.

रस्त्यावरच्या या मृत्यूंची निदान नोंद होते. सर्पदंशाचे मृत्यू पुष्कळदा नोंदीतही येत नाहीत. देशभरातील मृत्यूंच्या कारणांचा मागोवा घेणाऱ्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील सुमारे ७० टक्के ज्या आठ राज्यांत झाले, त्यांत मध्य प्रदेश आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे येणारा नमुनेदार रुग्ण असा : जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंश जवळजवळ दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. घरचे आधी गुनियाकडे, मग जवळच्या आरोग्य केंद्रात, तेथून जिल्ह्याला आणि तेथून जबलपूरला आणतात. सोबतच्या चिठ्ठीवर औषधाचे नाव असते. ते किती आणि केव्हा दिले, हे पुष्कळदा नसते. मण्यारीच्या विषाने नसांच्या टोकांना एकदा इजा केली की प्रतिविष ती भरून काढत नाही. नवी टोके तयार होईपर्यंत रुग्णाचा श्वास बाहेरून चालू ठेवावा लागतो. तो चालू राहिला, तर असा माणूस बहुधा आपल्या पायांनी घरी जातो. म्हणजे समुद्रात बुडणारा आणि मंडल्याच्या झोपडीत पापण्या मिटणारा, दोघेही श्वासाअभावीच मरतात. दोघांनाही वाचवू शकते ती हाताने दाबायची एक रबरी पिशवी आणि ती नीट वापरणारा माणूस. त्याची जागा मात्र माझ्या विभागात नाही. रुग्णवाहिकेत आहे, तालुक्याच्या रुग्णालयात आहे.

ज्ञान परिघावर तयार होऊ शकते, याचा पुरावा मराठी वाचकांना परका नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे अनेकदा मृत्यूच असे. रुग्णाच्या खाटेशेजारी रात्रभर बसून त्यांनी हृदयावर होणारा विषाचा परिणाम नोंदला. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या, स्वस्त औषधाचा वापर त्यांनी रूढ केला आणि सुमारे ४० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण एका टक्क्यापर्यंत खाली आले. हे काम महानगरातील अतिदक्षता विभागात झाले नसते, कारण विंचू चावलेला माणूस तेथवर जिवंत पोहोचतच नव्हता.

आपले धोरण मात्र उलट्या दिशेने गेले आहे. तातडीचे उपचार नाकारता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितले. ते देणाऱ्या शास्त्राला पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळायला २००९ उजाडले. २०२० च्या नियमांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात या शाखेचा स्वतंत्र विभाग अनिवार्य केला. तीनच वर्षांत, २०२३ च्या निकषांत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो अनिवार्य विभागांच्या यादीतून वगळला. अध्यापक मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. कागदावर विभाग दाखवून प्रशिक्षण होत नाही, हेही खरे. पण जेथे विभाग नाही तेथे निवासी डॉक्टर नाहीत, आणि निवासी डॉक्टर नाहीत तर उद्याचे अध्यापक कोठून येणार? सिवनीसारख्या ठिकाणी २०२४ मध्ये महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट. पण अशा नव्या महाविद्यालयांना हा विभाग उभारण्याचे बंधनच उरलेले नाही, आणि त्याची सर्वाधिक गरज त्यांच्याच परिसराला आहे.

यावरचा उपाय नव्या कायद्यात नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, अशी ‘जिल्हा निवासी योजना’ आधीच अस्तित्वात आहे. आपत्कालीन शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी या तीन महिन्यांचा काही भाग रुग्णवाहिकेत आणि तालुका रुग्णालयात गेला पाहिजे, आणि तेथील परिचारिका व वाहनातील सहायकांना श्वास देण्याचे कौशल्य शिकवणे हा त्यांच्या मूल्यमापनाचा भाग झाला पाहिजे. दुसरे, रुग्ण पुढे पाठवण्यापूर्वी फोन आणि वेळेसह नोंद असलेली एकसारखी चिठ्ठी बंधनकारक व्हावी. तिला खर्च जवळजवळ नाही. तिसरे, स्वतंत्र विभागाची सक्ती सर्वत्र एकदम शक्य नसेल, तर आदिवासीबहुल जिल्ह्यांची जबाबदारी वाहणाऱ्या महाविद्यालयांपासून ती पुन्हा लागू करावी आणि राज्यांनी जिल्हा पातळीवर या तज्ज्ञांची पदे निर्माण करावीत. पदे नसतील, तर शिकलेला डॉक्टर महानगरातील खासगी रुग्णालयात जाईल. त्याला दोष देता येणार नाही.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचे उद्दिष्ट केंद्राने २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात ठेवले आहे. ते गाठले जाईल की नाही, हे जबलपूरच्या अतिदक्षता विभागात किती खाटा वाढल्या यावर फारसे ठरणार नाही. दिंडोरीहून निघालेल्या रुग्णवाहिकेत मागे बसलेल्या माणसाला श्वास थांबल्याचे ओळखता येते का आणि पुढचे तीन तास तो चालू ठेवता येतो का, यावर ते ठरेल.