नळाच्या पाण्याचे परीक्षण, औद्योगिक रसायनांसाठी

कारखान्यांचे सांडपाणी, साठवण टाक्यांची गळती, जमिनीत मुरलेली विद्रावके किंवा जलवाहिन्यांतील धातू यांमुळे पिण्याच्या पाण्यात आलेली रसायने ओळखणे व त्यांचे प्रमाण ठरविणे म्हणजे हे परीक्षण होय. शुद्धीकरण केंद्रातील निवळण, गाळण व क्लोरिनीकरण या क्रिया मुख्यत्वे गढूळपणा आणि रोगजंतू यांवर योजलेल्या असतात; विरघळलेली धातुलवणे व पुष्कळशी कार्बनी संयुगे त्यांतून पार होतात. पाणी उकळल्यानेही धातू जात नाहीत. उलट ते आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते.

निष्कर्षांची विश्वसनीयता बऱ्याच अंशी नमुना घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. घरातील नळजोडणीतून उतरणारे शिसे पाहावयाचे असल्यास रात्रभर नळात साचलेले पहिले पाणी घेतात; मुख्य वाहिनीतील पाणी हवे असल्यास नळ काही मिनिटे वाहू देतात. धातूंसाठीच्या नमुन्यात नायट्रिक अम्ल घालून त्याचे पीएच मूल्य २ च्या खाली आणतात, अन्यथा धातू बाटलीच्या पृष्ठभागास चिकटून राहतात. बेंझिनासारखी बाष्पनशील संयुगे उडून जाऊ नयेत म्हणून काचेची कुपी हवेचा बुडबुडाही न ठेवता काठोकाठ भरतात व थंड ठेवतात.

षट्‌संयुजी क्रोमियम डायफिनिल कार्बाझाइडाने येणाऱ्या जांभळट रंगावरून मापता येते. इतर धातूंसाठी आणवीय शोषण वर्णपटमापक आणि कार्बनी संयुगांसाठी द्रव्यमान वर्णपटमापकास जोडलेला वायुवर्णलेखक वापरतात. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२ ची आवृत्ती) यानुसार दर लिटरमागे शिसे ०·०१, कॅडमियम ०·००३ व पारा ०·००१ मिग्रॅ. पेक्षा अधिक नसावा. घरोघरी दिसणारा टीडीएस मापक पाण्याच्या विद्युत्‌ संवाहकतेवरून एकूण विद्राव्य लवणांचा केवळ अंदाज देतो. एवढ्या अल्प पाऱ्याविषयी किंवा बेंझिनाविषयी तो काहीच सांगू शकत नाही.

शोधावयाचे द्रव्य आधी ठाऊक असावे लागते, ही या परीक्षणाची मोठी मर्यादा होय. ९ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कोळसा धुण्यासाठी वापरले जाणारे मिथिल सायक्लोहेक्झेन मिथेनॉल एका टाकीतून गळून एल्क नदीत मिसळले. पाणी उचलण्याचे ठिकाण तेथून प्रवाहाच्या दिशेने अवघ्या अडीच किमी. वर होते. चार्ल्‌स्टन व परिसरातील सुमारे ३ लाख लोकांना पाणी पिण्यास, स्वयंपाकास व स्नानासही वापरू नये असा आदेश देण्यात आला. या संयुगासाठी पिण्याच्या पाण्यातील मर्यादा ठरलेली नव्हती आणि ते मापण्याची प्रस्थापित पद्धतीही नव्हती. दोन्ही गोष्टी घाईने सिद्ध कराव्या लागल्या. दर दशलक्ष भागांत १ भाग अशी तात्पुरती मर्यादा ठरली व आदेश टप्प्याटप्प्याने उठविला गेला, तरी नळांतून ज्येष्ठमधासारखा वास येतच राहिला, कारण मापनातील मर्यादेपेक्षा पुष्कळच कमी प्रमाणातही नाकाला हे संयुग कळते. टाकीत आणखी एक रसायन मिसळलेले होते, हे मात्र २१ जानेवारीस, म्हणजे लोक पुन्हा ते पाणी पिऊ लागल्यावर उघड झाले; तोवर कोणत्याही प्रयोगशाळेस त्याचा शोध घेण्यास सांगितलेले नव्हते.