वाहतुकीचे प्रतिमान

मी साहित्याचा प्राध्यापक. पण परिभाषेच्या कामानिमित्त येथे बेळगावात गणिताच्या एका तासाला बसलो. फळ्यावर ग्रीनशील्ड्स यांचे १९३५चे वाहतूक-प्रतिमान होते: रस्त्यावर गाड्यांची दाटी वाढते तसा वेग सरळ रेषेत घटतो.

समजा, मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ६० किलोमीटर आहे आणि किलोमीटरमागे १२० गाड्या झाल्या की सारे ठप्प होते. किलोमीटरमागे ३० गाड्या असतील तर वेग ४५. तासाला १३५० गाड्या पुढे जातात. ९० असतील तर वेग १५, आणि गाड्या पुन्हा १३५०च! म्हणजे नाक्यावर नुसत्या गाड्या मोजणाऱ्याला रस्ता मोकळा की तुंबलेला, हे कळणारच नाही. मुलांनी हे स्वतः आकडे घालून शोधले, तेव्हा कुठे वर्ग जागा झाला. (व्याख्या उतरवून घेताना तो पेंगतच होता.)

एका मुलीने विचारले, “सर, यात दुचाकी कुठे आहेत? त्या तर फटीतून निघून जातात.” माझ्या मते प्रतिमान शिकवण्याची खरी सुरुवात या प्रश्नापासून व्हावी. ‘प्रतिकृती’ हा पर्यायी शब्द मला म्हणूनच पटत नाही. तिच्यात काही वगळलेले चालत नाही.

पुढच्या तासाला ती चौकातल्या दुचाकी मोजून आली. एक दुचाकी म्हणजे अर्धी मोटार की पाव, यावर घंटा होईपर्यंत वाद चालला.