कुत्र्याचे खाणे : स्निग्धांश किती, धावपळ किती?

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या तपासणीसाठी माझ्याकडे येणारी काही मंडळी उठता उठता हमखास विचारतात, "डॉक्टर, आमच्या कुत्र्याला पाकिटातले कोणते खाणे द्यावे?" मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याच्या आजारांविषयी पशुवैद्यकांनीच सांगावे. परंतु खाल्लेले आणि खर्च झालेले यांचा हिशेब दोघांनाही लागू असल्याने आज तेवढाच विषय घेऊ.

एक ग्रॅम प्रथिनांपासून किंवा पिष्टमय पदार्थांपासून साधारण ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९. म्हणजे वाटी तीच राहिली तरी स्निग्धांश वाढला की उष्मांक वाढतात. अलास्कातील बर्फावर गाडी ओढणारे कुत्रे लांब शर्यतीच्या काळात रोज १०,००० उष्मांकांच्या आसपास खातात व त्यातला मोठा वाटा चरबीचा असतो. पण ते दिवसाला शंभराहून अधिक किलोमीटर धावतात! आपला मोती मात्र ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो.

घरात राहणाऱ्या २० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे १,००० उष्मांक पुरतात. पोळीवर घातलेले १५ ग्रॅम तूप म्हणजे सुमारे १३० उष्मांक, अर्थात त्याच्या दिवसभराच्या गरजेचा आठवा भाग. आजी प्रेमाने देते, पण वजन कुत्र्याला वाहावे लागते.

पाकिटावर 'क्रूड फॅट' असा टक्का छापलेला असतो. बसून राहणाऱ्या कुत्र्याला कोरड्या खाण्यात साधारण ८ ते १२ टक्के पुरे. मेंढरांमागे दिवसभर फिरणाऱ्या कुत्र्याला १५ ते २० टक्के चालते. वाढती पिल्ले व दूध पाजणारी कुत्री यांनाही जास्त लागते.

डब्यातील ओल्या खाण्याचा आकडा मात्र फसवा असतो. त्यावर ५ टक्के लिहिलेले असेल आणि ७५ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २५ भागांत ५ भाग चरबी, म्हणजे खरा स्निग्धांश २० टक्के झाला.

२००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे आयुष्यभर दिले. कमी खाणारे कुत्रे सरासरी पावणेदोन वर्षे अधिक जगले व त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले.

आपल्या कुत्र्याची परीक्षा सोपी आहे. बरगड्यांवरून हात फिरवा. पंजाच्या मागच्या बाजूची हाडे लागतात तशा त्या हाताला लागल्या पाहिजेत. दाबूनही लागत नसतील तर खाणे कमी करा. खाणे बदलायचे असल्यास आठवडाभरात थोडे थोडे बदला.

मटणाच्या जेवणानंतर उरलेली चरबी त्याच्यापुढे टाकू नका. एकदम जास्त चरबी पोटात गेल्यास काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. वारंवार उलट्या होत असतील व पोट दुखून तो पाठ वाकवून उभा राहत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्या.

आणि रोज सकाळी त्याला अर्धा तास फिरवून आणा. साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाची साखरही त्याने आटोक्यात राहायला मदत होईल.