मधुमेह आणि बधिर पाय

मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की रक्तवाहिन्या आणि नसा आतून खराब होत जातात. मोठ्या रक्तवाहिन्या बिघडल्या की हृदयविकार आणि पक्षाघात ओढवतो; बारीक रक्तवाहिन्यांचा फटका डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड यांना बसतो. बहुतेक बिघाड न दुखता होतो, म्हणून तपासणीवाचून तो कळत नाही. वर्षातून एकदा पडद्याची आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी व्हायलाच हवी. रक्तदाब साधारण १३०/८० च्या आत राहावा, बिडी-तंबाखू सुटावी. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी १ टक्क्याने कमी असली, तर बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी आढळले. एवढा फायदा थोडका नव्हे.

वाशीमसारख्या शेतीच्या जिल्ह्यात मात्र सर्वांत दुर्लक्षित राहतो तो पाय. आधी तळव्यांना मुंग्या येतात, आग होते, मग ते सुन्न पडतात. चालताना चप्पल निसटून मागे राहिली तरी समजत नाही, ही तर ठळक खूण. सोयाबीनची सोंगणी झाली की रानात टोकदार धसकटे उरतात. धडधाकट माणूस धसकट टोचताच पाय उचलतो. बधिर पायाचा माणूस दिवसभर त्याच जखमेवर चालतो. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्यानेही असे पाय भाजतात आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतात. रक्तपुरवठा कमी आणि साखर जास्त असल्याने जखम चिघळते, जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचतो आणि पाय कापण्याची वेळ येते.

हे बव्हंशी टळते. शेतात बंद बूट घालावेत, घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काटा पाहावा. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, तळवा आरशात पाहावा किंवा घरच्यांना दाखवावा. भेगांना तेल चालते, बेचक्यांत नको. कुरूप ब्लेडने कापू नये, गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत. दवाखान्यात नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात. ही तपासणी दरवर्षी मागून करून घ्यावी. पायावर फोड, काळा डाग किंवा जखम दिसली, तर ती दुखत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.